माझं मोठ्याने चालणारं ध्यान

शके १७८६, पौष वद्य पंचमी, सकाळ. अमरावती, वेशीबाहेरचा मठ.

हजर: मठातले गोसावीबुवा, रुई पिंजणारे चाचा, आमच्या आवारात रुई निवडणारी मावशी, माझी बायको, आणि मी. ध्यान संपलं तेव्हा एक माणूस कमी होतं.

मी एका कापूसवाल्या शेटच्या आवारावर देखरेख करतो. दूर कुठेतरी लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसावाचून करमेना, आणि आमच्या आवारात गाड्यांची रीघ लागली. कोणती गाडी कुठे सोडायची, सरकी काढायच्या रेच्यावर कोण बसणार, कोणता बोजा आधी भरायचा, या सगळ्याच्या याद्या मी करतो. दिवाळीनंतर मला झोप लागेना. बायको म्हणाली, "तुमच्या डोक्यात बाजार भरून राहिला. बुवांकडे जाऊन बसा."

मी बसायचं ठरवलं आणि लगेच त्याचीही यादी केली. पहिल्या आठवड्यात मन स्थिर, दुसऱ्यात राग कमी, तिसऱ्यात आत्मज्ञान. चौथा आठवडा मोकळा ठेवला, कारण तेव्हा खामगावकडे माल रवाना करायचा होता.

बुवांनी सांगितलं ते सोपं होतं. श्वास येतो, जातो, तो पाहा. मन पळालं की तेवढं कळू द्या. मला वाटलं, म्हणजे देखरेखच की! हे काम मला येतं.

त्या सकाळी ध्यान फारच छान लागलं. विचार येत होते आणि मी एकेकाला ओळखून बाजूला ठेवत होतो. अंजनगावच्या गाड्या रोज उशिरा येतात, ठेवला. मेहुणा तीन आठवडे झाले जायचं नाव काढत नाही, ठेवला. मावशीला आता दिसत नाही, रुईत पाचोळा राहतो, उद्यापासून तिला काढायची, ठेवला. शेवटी आत इतकी शांतता झाली की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग तेही बाजूला ठेवलं.

डोळे उघडले. सगळे माझ्याकडे पाहत होते. मावशीची जागा रिकामी होती.

"मावशी कुठे गेली?" मी विचारलं.

"तुमीच तं काढलं तिले," चाचा म्हणाले.

"मी? मी तर ध्यानात होतो."

"तुमचं ध्यान लय जोरानं चालते, भाऊ. पंधरा दिवस झाले, आमी ऐकून राहिलो. मले वाटलं, हाच तुमचा मंत्र असन."

मी बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून हसत होती, आणि हसणं बरं नव्हे हेही तिला कळत होतं.

"तुले माहीत होतं?"

"लग्न झालं तवापासून. जेवताना बोलता, आंघोळीत बोलता."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? तुमी ऐकत असता काय?"

बुवा एवढंच म्हणाले, "आता ऐका."

मावशी एकटी राहायची. नवरा नाही, मुलगा नाही. एक लेक अकोल्याला दिलेली. जावयाच्या दारात जाऊन पडायचं नाही, एवढा तिचा हट्ट होता. आवारातल्या कामावर तो टिकला होता. हे मला पूर्ण ठाऊक होतं.

खरं तर मी तसाच उठून तिच्या घरी जायला हवं होतं. पण मी व्यवस्थित माणूस. आधी तपासणी करावी म्हटलं. मावशीने निवडलेली रुई तिच्या टोपलीतूनच घेऊन चाचांकडे गेलो. चाचांनी पिंजणाच्या तातीवर, त्या ताणलेल्या दोरीवर, ती धरली. तात एकसारखी घुमत राहिली. मग निवडून ढिगात टाकलेली रुई धरली, तर मध्येच कट् कट् वाजू लागलं.

"पाचोळा असला की तात अशी बोलते," चाचा म्हणाले. "मावशी डोयानं नाही निवडत, बोटानं निवडते. तिच्या हातची रुई साफ असते. हा कचरा मागून पडला."

मागून म्हणजे कुठून, ते शोधायला वेळ लागला नाही. निवडलेली रुई उघड्यावर, गाड्या रित्या करतात तिथेच शेजारी ठेवायची, ही सोय माझी होती. वारा आला की कच्च्या कापसाचा सगळा पाचोळा तिच्यावर. सोय करताना मी स्वतःवर फार खूश झालो होतो.

या तपासणीत दोन दिवस गेले. मग घरी गेलो, तर मावशीच्या दाराला बाहेरून कडी होती. शेजारीण म्हणाली, "गेली ना ते कालच. अकोल्याच्या गाड्या चालल्या होत्या, त्यात बसली. लेकीकडे."

मी अजून रोज मठात बसतो. आत्मज्ञानाचं काय झालं ते विचारू नका. पण ओठ हलतात हे आता मला कळतं. आधी ओठ हलतात, मग आपण काय विचार करत होतो ते समजतं. आणि तो विचार बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या चुकीचा असतो. असं इतकी वर्षं आपल्याच तोंडात चाललं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे पचायला जड जातं. झोप मात्र लागते.

रुईचे ढीग छपराखाली हलवले. मावशीची जागा कोणाला दिली नाही. आता फाल्गुन लागला. अकोल्याला जाणारी गाडी मी तीनदा ठरवली आणि तीनदा आवारात काहीतरी निघालं. निदान मी तसं म्हणालो. परवा बायकोने तोंडावर सांगितलं, "काम नाही निघत. तुमाले लाज वाटून राहिली." माझे ओठ हलले नाहीत, मी लक्ष ठेवून होतो.

अकोल्याला जायचं आहे. जावयाच्या दारात उभं राहून, त्याच्या देखत, मावशीला सांगायचं आहे की चूक माझी होती, आणि कामावर चल.