जेवता काय, हे विचारायची सोय नाही

दवाखान्यातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. रोज शटर ओढताना एखादा डोक्यात राहतो आणि आठ-दहा वर्षांनी बघावं, तर आपल्याकडं औषधांपेक्षा किस्सेच जास्त! नव्वदच्या दशकात मी बावड्याला एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. माणसाला 'दुखतंय कुठं?' विचारलं की तो लगेच सांगतो. 'जेवता काय?' विचारलं की त्याला संशय येतो!

डॉक्टरांना नेमका तोच नाद. मेंढरांमागं चालून, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाऊन सत्तरी गाठलेल्या म्हाताऱ्यांचं बीपी बरं, आणि चाळिशीतल्या पोरांना शुगर! असं का, म्हणून ते प्रत्येकाचं खाणं वहीत लिहून घ्यायचे. लिहिणारा मी.

*

एकदा सासू-सुना आल्या. सुनेला चक्कर येत होती. मी विचारलं, "दिवसाला भाकरी किती खाता?"

सासूनं वहीकडं बघितलं. "हे कशापायी? रेशन तोडनार हाय का?"

"नाही हो, डॉक्टरांना पाहिजे."

"तीन," सून खाली बघत म्हणाली. मी लिहिलं.

औषध घेऊन दोघी निघाल्या. चप्पल घालायच्या निमित्तानं सून मागं राहिली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, एक लिवा. पर बारीक अक्षरात. आत्याबाईंस्नी वाचता येतंय!"

*

एक ऊसवाले आबा होते, कारखान्याचे सभासद. शुगर चांगलीच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "आबा, आजपासून साखर बंद."

आबांनी दाराबाहेर कुणी आहे का बघितलं आणि खुर्ची पुढं ओढली. "डॉक्टर, खरं सांगा. तुमी कुनाच्या गटाचं?"

"म्हणजे?"

"कारखान्याचं इलेक्शन तोंडावर आलंय, आन् तुमी गावभर साखर बंद करा म्हनताय!"

डॉक्टर वैतागून म्हणाले, "अहो, गूळसुद्धा बंद!"

आबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "व्हय? मग अपक्ष हायसा!"

*

सांगवीच्या शाळेत आम्ही तपासणी ठेवली. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मशीनला लावायचा; मशीन त्या दिवसापुरतं मागून आणलेलं. माणसं जमली भरपूर, पण पुढं कुणी येईना. "रक्त न्हेऊन करता काय तुमी?" अशी कुजबुज.

एक आजी म्हणाल्या, "आधी डॉक्टरचं काढा."

डॉक्टरांनी हसत बोट पुढं केलं. मी टोचलं. मशीननं आकडा दाखवला आणि डॉक्टरांचं हसू गेलं.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले.

नवी पट्टी लावली. आकडा तसाच!

आजींनी लगेच बोट पुढं केलं. "आता माझं घ्या. मशीन बरुबर हाय."

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या टेबलावरचा क्रीमच्या बिस्किटांचा डबा गेला. फेकला म्हणतात. मी त्यांचं कपाट काही उघडून बघितलेलं नाही.

*

मेंढरंवाल्या बिरूतात्यांचा पोरगा नामदेव कारखान्यात कामाला होता. दिवसाला आठ-दहा गोड चहा, वर कँटीनचे वडे. पायाला बूट चावला, ती जखम भरेना म्हणून आला. दवाखान्यात तेव्हा लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे. निळं राहिलं तर साखर नाही, लाल झालं तर आहे. नामदेवचं विटेसारखं लाल!

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "बापासारखी भाकरी खा, बापासारखा चाल. दर पंधरा दिवसांनी सकाळची बाटली आण. परत लाल आलं तर रोज इंजेक्शन!"

पुढच्या बाटलीला निळं. त्याच्या पुढच्या बाटलीला निळं. तिसऱ्यालाही निळं! डॉक्टर खूश. येईल त्या पेशंटला नामदेवचं उदाहरण द्यायला लागले.

मला मात्र तो लंगडताना दिसायचा. जखम दाखव म्हटलं की, "बरी हाय," म्हणून निघायचा. मला आधी औषधाचाच संशय आला. चिमूटभर ग्लुकोज घालून तापवलं. लगेच लाल! औषध चोख होतं. मग राहिला नामदेव. पण डॉक्टरांचा आनंद बघून मी गप्प बसलो. ते चुकलंच माझं.

एका सकाळी नामदेवचे वडील, बिरूतात्या, वस्तीवरून एकटेच चालत आले. टेबलावर बाटली ठेवली. "ही नामदेवची."

पण हात बाटलीवरून काढेनात. मग म्हणाले, "न्हाय. माझी हाय. मागच्या तिन्हीबी माझ्याच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि हे आज सांगताय?"

"काल त्येचा पाय बगितला. अंगठा काळा पडलाय."

डॉक्टरांनी समोरचे पेशंट सोडले आणि मला मागं बसवून स्कूटर थेट वस्तीवर नेली. दुपारपर्यंत नामदेव पुण्याला दवाखान्यात पोचला. अंगठा गेला, पाय वाचला.

महिन्याभरानं, पोरगा घरी आला हे कळवायला तात्या आले. डॉक्टरांचा राग अजून उतरला नव्हता. "तात्या, पोराचा पाय गेला असता! एवढी अक्कल असून बाटल्या भरून दिल्याच कशा?"



"नोकरीला लागल्यापासनं," तात्या म्हणाले, "पोरानं माज्याकडं कंदीच काय मागितलं नव्हतं."