उपरण्याखालचं मत

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत अशा माणसांत पहिला मान मी बारामतीच्या बैलबाजारातल्या एका दलालाला देतो. माझ्या प्राध्यापक जावयाला हे आवडत नाही. त्याला माझा इलाज नाही.

एकोणीसशे तीसनंतरची, प्रांताच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले होते तेव्हाची ही गोष्ट. मी इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या अलीकडच्या एका गावात शाळामास्तर होतो. वय पंचविशीचं, आणि अक्कल काय ती आपल्यालाच आहे असा पक्का समज. पुण्याच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी मला पत्र लिहिलं: तुमच्या भागातल्या शे-पन्नास माणसांना दोन गोष्टी विचारा. देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता, आणि पुढारी म्हणून कोण हवा? मी हुरळून गेलो. कोरी वही घेतली, रकाने आखले, पहिल्या रकान्यात नाव, आणि बाजाराच्या दिवशी बारामती गाठली. आमच्या पट्ट्यातली सगळी माणसं तिथं एका जागी भेटायची.

पहिल्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच: कालव्याची पाणीपट्टी. दुसऱ्यालाही एकच: आमच्या पाटलांचे मेहुणे. ते निवडणुकीला उभे राहणार होते. दुपारपर्यंत वही भरली. मला वाटलं, सापडलं लोकमत. शेतकऱ्याला पाणी कळतं, स्वराज्य हे आपल्यासारख्या वाचणाऱ्यांचं खूळ, असं मी घरून निघतानाच ठरवलं होतं.

लिंबाखाली एक म्हातारे दलाल बसले होते. बैलांचे सौदे जमवणं हा त्यांचा धंदा, आणि सगळा बाजार त्यांना तात्या म्हणायचा. ते सकाळपासून माझी गंमत बघत होते.

“गुरुजी, बैलाचा भाव कुणी वरडून सांगतंय व्हय?”

“नाही.”

“मग ह्यो तर मुलखाचा भाव हाय. आन् तुमी नाव लिवून घेताय! पाटलाचं रान कसणारा गडी पाटलाच्या मेव्हण्याला नगं म्हणंल? उद्या रान काढून घेतलं मंजी?”

मला राग आला. कुणी खरं बोललं की तेव्हा मला आधी रागच यायचा. पण तात्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि आपलं उपरणं माझ्या मनगटावर टाकलं. बैलबाजाराची रीतच आहे ती. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्यांना चेहरे दिसतात, आकडा दिसत नाही. आणि एकाचा आकडा दुसऱ्याला सांगणाऱ्या दलालाला बाजारात पुन्हा कुणी उभं करत नाही.

आम्ही खुणा ठरवल्या. एक बोट पाणीपट्टी, दोन बोटं शाळा, तीन बोटं स्वराज्य. मग पुढारी: एक बोट पाटलांचे मेहुणे, दोन बोटं त्यांच्या विरोधातले वकील, मूठ म्हणजे दोघंही नकोत. तात्यांनी हाक मारली तशी सकाळचीच माणसं पुन्हा येऊन बसली. पहिल्यानं माझी तीन बोटं दाबली, आणि मी मूर्खासारखा मोठ्यानं म्हणालो, “तीन!” तात्यांनी मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

“आकडा पोटात ठिवायचा, गुरुजी. तोंडात न्हाय.”

पुढं मी गप्प बसलो आणि हात बोलत राहिले. भेगाळलेले, मातीनं रापलेले हात. पाणीपट्टीवाले होतेच, पण तीन बोटं इतक्यांदा दाबली गेली की मला माझी लाज वाटली. मेहुण्यांच्या वाट्याला थोडे आले. वकिलांना बरेच, आणि मुठीही काही कमी नव्हत्या. भाजी विकणारी एक बाई बराच वेळ बघत होती. तिनं हात दिला नाही. माझ्या पिशवीत दोन वांगी टाकली आणि म्हणाली, “मोजून घ्या. माज्या लेकीसाठी हाईत.” कितीतरी दिवस मी त्या वांग्यांबद्दल शाळेत सांगत असे.

नावांचा रकाना मी तिथंच फाडला. नुसते आकडे पुण्याला धाडले, आणि संपादकांनी ते छापले. ते वाचून पाटलांनी मला चावडीत बोलावलं. दाराशी त्यांची तीन-चार कुळं उभी होती. त्यांतल्या दोघांची बोटं मला चांगली आठवत होती. माझ्या एका शब्दानं त्यांचं रान जाणार होतं.

“आमच्या मेव्हण्याला लोक नगं म्हणत्यात, असं छापून आलंय. कोण लोक? नावं सांगा, मास्तर.”

“नावं लिहिली नाहीत, पाटील.”

“हात तर तुमीच धरलावता!”

“हात धरला. तोंड पाहिलं नाही.”

“नरसिंहपूरला बदली करवीन, पार तालुक्याच्या टोकाला. तितं संगमावर बसा, बोटं मोजत!”

“करा,” मी म्हणालो. दाराशी उभ्या असलेल्या कुणाकडेही मी बघितलं नाही. नुसतं बघितलं असतं तरी पाटलांना कळलं असतं.

मग पाटलांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, दार लोटलं आणि खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं. त्यांचा हात जाड होता आणि घामेजला होता. पुढाऱ्यांच्या खुणा एव्हाना गावभर झाल्या होत्या; त्यांनी माझी दोन बोटं दाबली. चुकून नाही, चांगली घट्ट.

“ह्येबी कुणाला सांगनार न्हाय न्हवं?”

“नाही, पाटील.”

दार उघडून ते बाहेरच्यांना ऐकू जाईल असं ओरडले, “मास्तराला काय बी ठाव न्हाय. उगं पोरखेळ हाय सगळा!” कुळांची रानं कुळांकडे राहिली, आणि मी त्याच शाळेत राहिलो.

त्या दिवसापासून मला लोकांच्या बोलण्याचा राग कमी येतो. तोंडातला भाव वेगळा आणि पोटातला वेगळा, हे मी तात्यांकडून शिकलो, आणि त्यासाठी त्यांना रोज हात जोडतो. पाटील जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, म्हणून एवढं लिहितोय, तेही नाव न घेता.

मेहुणे निवडणुकीत पडले. निकाल कळला त्या दिवशी पाटलांनी साऱ्या गावादेखत त्याच उपरण्यानं डोळे पुसले. मी शेजारीच उभा होतो, आणि त्यांना पाणी नेऊन दिलं.