अंगठ्याचं माप

आमच्या घरात आजच्या पायाला बूट कधी आलेच नाहीत. ते पुढच्या वर्षीच्या पायाला यायचे. बायको लेकीला दुकानात उभं करायची, बुटाच्या टोकावर अंगठा दाबायची आणि म्हणायची, "जागा आहे. वाढेल." मग घरी येऊन टोकात कापूस कोंबायची. तेवढ्या कापसात आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या निम्म्या बिऱ्हाडांच्या उशा भरल्या असत्या.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आता लेकही निघाली. बर्फाच्या देशात नोकरी, परतीचं तिकीट नाही. काय देऊ विचारलं तर म्हणाली, "टूरिंग बूट्स, बाबा." स्की पायाला बांधून आधी डोंगर चढायचा आणि मग घसरत उतरायचा, त्याचे बूट. बाहेर गाडीच्या बॉनेटवर पोळ्या भाजाव्यात असं आखातातलं ऊन, आणि आम्ही मॉलमध्ये बर्फाचे बूट शोधतोय. एकेक बूट एवढा, की आत भाडेकरू ठेवावा.

तिने पाय घातला न घातला तोच मी दुकानदाराला म्हणालो, "हबीबी, एक नंबर बडा."

"बाबा, माय फीट स्टॉप्ड ग्रोइंग इयर्स अगो."

"जाड मोजे घाल."

मोठ्या बुटात टाच उचलली जाते, चढताना सोलून निघते, असं तिने इंग्रजीत समजावलं. मग आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घातला, बोटं पुढे टेकवली. टाचेमागे माझी दीड बोटं मावली तर माप बरोबर. दीडच मावली.

"अर्धंसुद्धा जात नाही," मी ठोकून दिलं. याहून मोठ्या थापा मी विमानतळावर कस्टमवाल्यांपुढे पचवल्यात.

"बाबा."

तिने अस्तर परत बसवलं, बकलं आवळली आणि उभी राहिली. मी गुडघे टेकले आणि टोकावर अंगठा दाबला. प्लास्टिक कसलं, शिळाच ती. आत पाय आहे की नाही, तेही कळेना. मी दाबतच राहिलो.

"सर, ऊपर से पता नहीं चलेगा," दुकानदार म्हणाला.

"चलेगा," लेक म्हणाली. मग खाली वाकून मला, चक्क मराठीत, "जागा आहे, बाबा."

पुढचा शब्द माझा होता. तो काही मला म्हणता आला नाही.