काकांची शेवटची होडी

माझे काका पाचूबंदरच्या होड्यांवर चित्रं काढायचे. मासे, मेरीमाता, कधी नुसतेच दोन डोळे. पण हंगामाआधी दरवर्षी होड्या नव्याने रंगवतात, आणि जुनं चित्र रंगाखाली जातं. काका हसून नवं काढायचे.

नव्वदच्या दशकात ते गेले, आणि काकूने हट्टच धरला. आपला नवरा मोठा चित्रकार होता हे जगाला कळलं पाहिजे! मुंबईतल्या गॅलऱ्यांचे उंबरे तिने झिजवले. मी वैतागायचो. दाखवणार काय, रंगाचे थर? शिल्लक होती एकच होडी. मालकाने धंदा सोडल्यामुळे ती वाळूत तशीच पडली होती. ती बघायला शेवटी एक समीक्षक कबूल झाले.

आम्ही त्यांना घेऊन पोचलो, तर होडी निळीशार चकाकत होती.

"वयनी, दादासाठी एवढा मोठा पाव्हना येनार," मालक कौतुकाने म्हणाला, "मग होडी तशीच कशी ठेवनार?"

काकूने ओल्या रंगावर तळहात टेकवला. "छान केलीस रे," म्हणाली.

घरी येताच तिने रॉकेलने तो हात खसाखसा घासला. पुन्हा कुठल्या गॅलरीचं नाव काढलं नाही.