धुतलेल्या द्राक्षांतलं तांबं

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रोजेक्ट दोघादोघांत वाटून मिळाले. विषय विश्लेषणात्मक रसायनशास्त्र. माझ्या वाट्याला जी जोडीदार आली, तिच्या घरची मखमलाबादला द्राक्षबाग होती. वर्गातल्या मुलीला एकेरी हाक मारायची हिंमत तेव्हा आमच्यात नव्हती. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो. प्रोजेक्टची कल्पना तिचीच होती. बागेत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना यांची फवारणी होते, तर द्राक्षं धुतल्यावर त्यांच्यावरचं तांबं किती जातं, हे मोजायचं. सरांना ती कल्पना फार आवडली. पुढे संशोधनासाठी ते एकाच विद्यार्थ्याची शिफारस करणार होते आणि ती तिचीच होणार, हे सगळा वर्ग धरून चालला होता. मीही.

काम सोपं, पण वेळखाऊ. द्राक्षांची राख करायची, ती आम्लात विरघळवायची, फ्लास्क खुणेपर्यंत पाण्याने भरायचा आणि तांब्याबरोबर पिवळा रंग देणारं द्रावण घालायचं. रंग जितका गडद तितकं तांबं जास्त. विभागात शुद्ध पाण्याची दोन यंत्रं होती. एक काचेचं, त्यातून थेंब थेंब पाणी यायचं. दुसरं तांब्याचं, आतून कल्हई केलेलं. त्याला आम्ही बंब म्हणायचो. त्याची कल्हई कधीच उडाली होती. तांब्याच्या कामाला बंबाचं पाणी चालणार नाही, हे आम्हाला बजावून सांगितलेलं होतं. शिवाय रोज नमुन्याशिवाय नुसत्या पाण्याचा ब्लँक लावायचा, म्हणजे पाण्यातच काही असलं तर ते वजा करता येतं.

त्या दिवशी सकाळी ब्लँक झाला, न धुतलेल्या द्राक्षांचे फ्लास्क झाले. धुतलेल्यांची पाळी दुपारी आली तेव्हा काचेच्या यंत्राचं पाणी संपलं होतं. पाणी आणणं माझ्याकडे होतं. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, आम्ही तिथल्या वसाहतीत राहायचो आणि मला द्वारका चौकातून साडेचारची बस पकडायची होती. मी बंबाची तोटी सोडली आणि दोन मिनिटांत बाटली भरली.

"इतक्यात मिळालं पाणी?" तिने विचारलं.

"कुणीतरी भरून ठेवलं होतं," मी म्हणालो.

बस मिळाली.

दुसऱ्या दिवशी तिने आकडे मांडले. धुतलेल्या द्राक्षांत न धुतलेल्यांपेक्षा जास्त तांबं निघालं होतं. तिने आकडेमोड तीनदा केली. मग आम्ही वही घेऊन सरांकडे गेलो. खोलीत वर्गातली आणखी चार-पाच मुलं होती.

सरांनी वही पाहिली, चष्मा काढला. "काय हो बाई, द्राक्षं नळाखाली धुतलीत की मोरचुदाच्या टाकीत?"

मुलं हसली. मागून एक जण म्हणाला, "सर, घरचाच माल आहे, दोनदा फवारला असेल!" पुन्हा हशा. ती म्हणाली, "सर, मी स्वतः धुतली होती. परत करून बघते." पण बागेतला माल तोवर उतरला होता. जी द्राक्षं उरली होती ती दुसऱ्या बागांतली, दुसऱ्या फवारणीची.

सरांनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "नमुने त्या आणायच्या, सर."

हे खरं होतं. म्हणून तर ते इतकं वाईट होतं.

त्या शनिवारी प्रयोगशाळेत कुणी नसताना मी बंबाचं पाणी फ्लास्कमध्ये घेतलं आणि त्यात ते द्रावण घातलं. पिवळा रंग आला, चांगला गडद. मी फ्लास्क बेसिनमध्ये ओतला, विसळून जागेवर उपडा ठेवला. आजवर मी स्वतःला सांगत आलो की दुपारची ती घाई होती, वय होतं. शनिवारी मला कसलीही घाई नव्हती.

प्रोजेक्टच्या अहवालात शेवटी एक वाक्य घालावं लागलं: "धुतलेल्या नमुन्यांतील विसंगती नमुना हाताळताना झालेल्या चुकीमुळे असावी." ते माझ्या अक्षरात आहे. तिने खाली सही केली. शिफारस माझी झाली. मी संशोधन केलं, प्राध्यापक झालो, निवृत्त झालो. ती घोटीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली, एवढं कानावर आलं होतं.

गेल्या वर्षी जुन्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, त्यात तिचा नंबर होता. तीन महिने मी तो नुसता पाहत राहिलो. मग फोन केला आणि सगळं सांगितलं.

शेवटी ती म्हणाली, "म्हणजे माझा हात चांगला होता."

"हो."

"तुम्हाला माहीत आहे का, मी शाळेत साधं टायट्रेशनसुद्धा मुलांसमोर करत नव्हते? दुसऱ्या सरांना करायला सांगायचे. म्हणायचे, माझ्या हाताला यश नाही."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते राहू द्या हो. अहवालात जसं लिहिलंत तसं आता हे लिहा. आणि 'आमची चूक' असं लिहू नका."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. अहवालाला एक कागद जोडायचा विचार होता. तिथल्या बाईंनी यादी पाहून सांगितलं की इतके जुने प्रोजेक्ट कधीच रद्दीत गेले. मी तिला तसं कळवलं.

"गेले म्हणजे सुटलात असं समजू नका," ती म्हणाली. "वर्गातले निम्मे लोक अजून आहेत. हसले होते ते तर सगळे आहेत."

म्हणून हे लिहितो आहे आणि त्या ग्रुपवरही टाकणार आहे. तिने द्राक्षं नीट धुतली होती. नमुने, राख, वजनं, आकडेमोड, सगळं बरोबर होतं. पाणी मी भरलं होतं, बंबाचं, आणि कुठून भरलं हे मला माहीत होतं.