सुकडीचं माप
“गुरुजी, अजून द्या,” म्हणत मी ताटली पुढं केली आणि गुरुजींनी सुकडीचं पत्र्याचं माप माझ्या बोटांवर मारलं. दुष्काळात शाळेत सुकडी वाटायचे. आदल्याच तासाला त्यांनी एका अनाथ पोराची गोष्ट वाचली होती. ते पोरगं असंच अजून मागतं, तिथं गुरुजींनी डोळे पुसले होते. वर्गात बिनमायबापाची मी एकटी. पोरींनी मागून ढोसलं, “जा की गं, तुला न्हाई मारायचे!” चुलतीकडं पोटभर मिळायचं नाही, म्हणून गेले. ताटली निसटून सांडलेली सुकडी कडुलिंबाखाली बसून मातीसकट खाल्ली. शेजारी कोणी आलं नाही. आज नातीच्या डब्यातून तोच भाजक्या पिठाचा, गुळाचा वास आला. गोष्टीतल्या पोराचं पुढं काय झालं ठाऊक नाही. मार खाल्लेली पोरगी मीच.