वेशीवरचा रिसालदार

गाव सोडले त्या सकाळी अण्णा वेशीच्या आतच राहिले. माझी पेटी बैलगाडीत चढली होती, बदनापूरला जाऊन आगगाडी गाठायची होती आणि दरवाजाशी खाट टाकून रिसालदार बसला होता. माझे वडील गावचे शाळामास्तर. पण आम्हा दोघांना बाहेर पडू द्यावे म्हणून ते त्याच्यापुढे हात जोडून उभे होते.

"पोरगी जाऊ द्या, मास्तर. बिलकुल जाऊ द्या," तो हसत म्हणाला. "पण तुम्ही कुठं निघालात? माझे फैसले कोण लिहील?"

मला मुंबईला बोटीवर बसवून अण्णा गावी परतणार नव्हते. नाशिकला आत्याकडे राहणार होते. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते. रिसालदाराने ते ओळखले असावे. अण्णा मला एवढेच म्हणाले, "तू निघ. गाडी चुकंल." माझ्या जाण्याची किंमत म्हणून ते ओलीस राहिले.

तुम्ही मागे राहिलेले आणि तुम्ही माझ्यासारखे निसटलेले, दोघांनाही हे ठाऊक आहे की त्या माणसाला गावावर कोणी लादले नव्हते. पूर्वी प्रत्येक घरातून एक माणूस पाळीने वेशीवर आणि शिवारात राखणीला जाई. संस्थानाचा अंमल ढिला पडला, दरोडे वाढले, चोर उभ्या ज्वारीची कणसे कापून नेऊ लागले. पाळ्या करून माणसे थकली. मग जालन्याच्या छावणीतून निवृत्त झालेल्या या घोडेस्वाराला आपण बोलावले. पाळीऐवजी घरटी टोपलीभर धान्य द्यायचे ठरले. त्याच्या डोक्याला फेटा अण्णांनीच बांधला. "एक माणूस कडक असला की गाव सुखानं झोपतं," असे ते तेव्हा म्हणत. पहिल्या हंगामात खरोखरच एकही चोरी झाली नाही. हे वगळले तर माझे सांगणे खोटे ठरेल. दुसऱ्या हंगामात गावातल्या लाठ्या आणि दोन्ही ठासणीच्या बंदुका त्याच्या घरात होत्या, आणि बैल हरवला तरी लोक पंचांकडे न जाता त्याच्या घोड्यापुढे उभे राहत.

इथे, अमेरिकेतल्या या कृषी महाविद्यालयात, मी मक्याच्या संकरावर काम करते. तुऱ्यांवर कागदी पिशव्या बांधताना शेजारच्या ओळीत लुसिया असते. ती लॅटिन अमेरिकेतल्या एका देशाची. अशा घोड्यावरच्या धन्यासाठी तिच्या भाषेत स्वतंत्र शब्दच आहे, काउदिल्यो. आणि त्याच्यावाचून देश चालत नाही असे मानणारे शिकलेले लोकही आहेत.

"आमच्या बैठकीत त्याची तसबीर लावावीच लागायची," ती म्हणाली. "आई रोज पुसायची. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे तसबिरीची गरज नव्हती. तो स्वतःच समोर बसलेला असे."

ती खूप हसली, मग पुढची पिशवी बांधू लागली. तिचा काका त्या राजवटीत नाहीसा झाला आहे. एकाच वाणाने भरलेल्या शेतात एक रोग पुरेसा होतो, हे आम्ही दोघी रोज पाहतो. आपली माणसे आपल्याच हाताने असे शेत का पेरतात, याचे उत्तर आम्हांला प्रयोगशाळेत मिळालेले नाही.

जालन्याच्या मामांचे पत्र आले तेव्हा मी अण्णांना बाहेर काढण्याच्या खटपटीत होते. गयाबाई या विधवेने आपले विहिरीचे शेत राजीखुशीने रिसालदाराला दिले, असा फैसला अण्णांनी लिहावा असा त्याचा हुकूम होता, असे पत्रात होते. अण्णांनी लेखणी खाली ठेवली. "आधी तिला इचारा. ती न्हाई म्हणून राह्यली, तर मी कसं लिहू?" चावडीसमोर, भर दिवसा, रिसालदाराने त्यांना मारहाण केली. तुमच्यापैकी बरेच जण तिथे होते. पाणी घेऊन पुढे आल्या त्या गयाबाई. अण्णांनी अंथरूण धरले, ते पुन्हा उठले नाहीत.

त्यानंतर संस्थान पडले. हिंदी फौज आली, तेव्हा वेशीवर हार घेऊन सर्वांत पुढे रिसालदारच उभा होता, म्हणे. नवा झेंडा त्यानेच चढवला. जालन्याला नवे अधिकारी तक्रारी लिहून घेत आहेत, आणि तुम्ही मामांना सांगता, "झालं गेलं उकरून काय फायदा? मंग राखण कोण करील?" एकट्या गयाबाई म्हणाल्या, "मी सांगते साहेबाला. पर माझ्या बाजूला कुणीतरी बसा." अजून कोणी बसलेले नाही.

माझे प्राध्यापक म्हणतात, आणखी एक हंगाम थांब, पदवी हाती येईल. ती मला हवी आहे. कमी हवी आहे असे म्हणणार नाही. पण लुसिया परत गेली तर बंदरावरच पकडली जाईल. मला तसे भय नाही, म्हणून थांबायला सबबही नाही.

घर म्हटले की इथे पहिले काही महिने मला शाळेचे अंगण दिसे, अण्णांच्या धोतराचा सोगा दिसे. आता दिसते ती जालन्याच्या कचेरीतली सतरंजी, आणि तिच्यावर गयाबाईंच्या शेजारची रिकामी जागा. मला तिथेच यायचे आहे. मिळेल त्या पहिल्या बोटीने निघते. मी पोहोचण्यापूर्वी तुमच्यापैकी कोणी तिथे बसलेले आढळले, तर मी जरा सरकून बसेन.